हर्रास पॉईंटांचा

सोयाबीन घरात आलं, कापसाचा दुसरा वेचा सुरू झाला की विदर्भातल्या मोठ्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धेचं वारं सुटतं. गावाच्या नावापुढे ‘प्रीमियर लीग’ लागतं. चौकातल्या फ्लेक्सवर कृषी केंद्रवाला, ठेकेदार, पुढच्या खेपेला सरपंचकीला उभा राहणारा एखादा भाऊ असे आठ संघमालक हात जोडून उभे असतात. आणि सामन्यांच्या आठवडाभर आधी मारुतीच्या सभामंडपात हर्रास, म्हणजे लिलाव होतो. मंडीत तुरीचा होतो तसाच, फक्त ढिगाच्या जागी पोट्टं असतं. माईकवाला ओरडतो, “बेस प्राइस वीस! लेफ्टी आहे, किपिंगबी करते, बोला भाऊ!”

या हर्रासात पैसा नसतो, पॉईंट असतात. प्रत्येक मालकाला सारखे, समजा 1000. तीनशेला गेलेल्या पोराला आणि विसाला गेलेल्या पोराला जर्सी एकाच कापडाची मिळते. मालकाचे उरलेले पॉईंट कुठल्या दुकानात चालत नाहीत. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. पण अमेरिकेतल्या बड्या लीगांनी नवे खेळाडू कसे वाटावेत यावर जे डोकं लावतात, त्यांच्यातल्या काहींची सूचना नेमकी हीच आहे: पाळीने निवड बंद करा, प्रत्येक संघाला खोटा पैसा द्या आणि बोली लावू द्या.

तिथली पाळीची पद्धत, म्हणजे ड्राफ्ट, जुनी आहे. 1935 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक बर्ट बेल यानं एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या बाकी मालकांपुढे मांडलं की कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंसाठी आपसात चढाओढ नको, शेवटी राहिलेल्या संघानं आधी उचलावा आणि जिंकलेल्यानं शेवटी. फेब्रुवारी 1936 मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिला नंबर ईगल्सचाच, कारण शेवटी तेच होते. त्यांनी उचललेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही, हा भाग वेगळा. कल्पना मात्र टिकली. बास्केटबॉलनं घेतली, 1965 पासून बेसबॉलनं घेतली, आपल्याकडे 2022 मध्ये अल्टिमेट खो-खोनंही संघ ड्राफ्टनंच बांधले. सोपी पद्धत आहे, एका वहीत मावते. आणि मालकांना स्वस्त पडते, हे तिचं खरं बळ. ज्याला एकाच संघाशी बोलायची मुभा आहे, तो पगारासाठी भांडणार कोणाशी?

खोट वहीत नाही, पाळीत आहे. शेवटी राहण्याला बक्षीस ठेवलं की शेवटी राहायला गिऱ्हाईक मिळतं. एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या ह्यूस्टन रॉकेट्सला 1983 आणि 1984 अशी लागोपाठ दोन वर्षं पहिली निवड मिळाली, राल्फ सॅम्पसन आणि हकीम ओलाजुवॉन. तेव्हा दोन्ही गटांतल्या तळाच्या संघांत नाणं उडवत. मुद्दाम हरल्याची ओरड झाली आणि 1985 पासून एनबीएनं लॉटरी आणली. तेव्हापासून चाळीस वर्षं त्या लॉटरीला ठिगळं लावणं सुरू आहे. 1990 मध्ये वजन आलं, जितका खाली तितक्या जास्त चिठ्ठ्या. 2019 पासून तळाच्या तिघांना सारखीच 14 टक्के संधी. उलट बाजूनं पाहा: 2025 मध्ये 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. दुबळ्याला मदत करायची म्हणून काढलेली सोय, आणि माल कोणाला गेला? लॉटरीनं मुद्दाम हरणं थोडं महाग केलं, पण मदतीचा नेमही चुकवला.

आयपीएलवाल्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी टाळला असं आपण समजतो. अर्धंच खरं आहे. 20 फेब्रुवारी 2008 ला मुंबईत मोठ्यांचा लिलाव झाला, धोनी 15 लाख डॉलरला चेन्नईत गेला. पण 19 वर्षांखालच्या पोरांचा त्या वर्षी ड्राफ्टच झाला होता. पैसा ठरलेला, संघांनी पाळीनं नावं उचलायची. दिल्लीचा नंबर आधी होता, त्यांनी प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज उचलला. विराट कोहली बंगळुरूला गेला. दिल्लीला हसू नये. त्यांना गोलंदाज हवा होता, आणि ड्राफ्टमध्ये ‘हा मला थोडा हवा, तो मला खूप हवा’ हे सांगायची जागाच नसते. नाव घ्या नाहीतर सोडा. बोलीत ती जागा असते. बोलीची सगळी किंमत तेवढ्या एका गोष्टीत आहे.

मग सरळ लिलावच का नको? कारण खऱ्या पैशाचा लिलाव झाला की ज्याची थैली मोठी त्याचं घर भरतं. थैली सारखी बांधून दिली, जशी 2025 च्या मोसमाआधी प्रत्येक संघाला 120 कोटींची दिली होती, तर दुबळ्याला वेगळी मदत कशी करणार? इथं गावचे पॉईंट उपयोगी पडतात. पॉईंट कोणाच्या खिशातून येत नाहीत, म्हणून कमीजास्त देता येतात.

आठ संघांचं गणित मांडून पाहू. प्रत्येक संघात एक कप्तान ठरलेला, 11 खेळाडू घ्यायचे. सरासरी थैली 1000 पॉईंट. मागच्या तीन वर्षांच्या क्रमांकांची सरासरी काढायची. सगळ्यात वरच्याला 940, सगळ्यात खालच्याला 1060, मधल्यांना पायरीपायरीनं. म्हणजे एका पायरीला साधारण 17 पॉईंट. आता समजा एखाद्या मालकाच्या मनात पाप आलं आणि त्यानं यंदा मुद्दाम एक क्रमांक खाली घसरायचं ठरवलं. तीन वर्षांच्या सरासरीत त्याला 17 चा तिसरा हिस्सा मिळणार, 6 पॉईंटच्या आतच. सहा पॉईंटात बेस प्राइसचं, म्हणजे सगळ्यात कमी वीसच्या भावाचं पोरगंही येत नाही. ड्राफ्टमध्ये हीच एक पायरी पिढीतून एकदा येणाऱ्या खेळाडूइतकी मोठी असू शकते. मदत तीच राहते, फक्त ती एका उडीत मिळत नाही, म्हणून उडी मारावीशी वाटत नाही. अगदी खोल दुबळ्याला 120 ची आघाडी मिळते, ती मात्र कामाची असते. दोन चांगले बॉलर त्यात वर चढवून घेता येतात.

सारखेच पॉईंट द्यायचे असतील तरी चालतं. मी सरासरीच्या बाजूचा आहे, कारण गावात एखादा संघ चार वर्षं हरला की त्याचा मालक पाचव्या वर्षी फ्लेक्सवर दिसत नाही.

इथवर कागदावर सगळं गोड. सभामंडपात काय काय बिघडतं ते पाहिल्याशिवाय ही पद्धत कोणी उचलू नये.

पहिला बिघाड कमाल बोलीचा. नवखा मालक पहिल्या तासात दोन नावांवर 600 उडवतो, टाळ्या घेतो, आणि रात्री अकराला त्याच्याकडे सात जणांची टीम असते. नियम साधा आहे, पण तो वहीवाल्याच्या तोंडपाठ हवा: उरलेले पॉईंट, वजा (उरलेल्या जागा वजा एक) गुणिले बेस प्राइस. सुरुवातीला 11 जागा, 1000 पॉईंट, बेस 20, म्हणजे पहिल्या बोलीची हद्द 1000 वजा 200, 800. पुढे 400 उरले आणि सात जागा बाकी असल्या तर 400 वजा 120, हद्द 280. दर विक्रीनंतर वहीवाल्यानं ही हद्द फळ्यावर खडूनं लिहायची, सगळ्यांना दिसेल अशी. कोणी विचारतो, फळ्यावर लिहिल्यानं दुसऱ्याला आपली ताकद कळत नाही का? कळते. पण ती लपवली तर हद्दीबाहेरची बोली लागते, हातोडा पडतो आणि मग परत फिरवायचं भांडण सुरू होतं. हातोडा परत फिरत नाही, हा नियम मोडला की हर्रास संपला समजा. डिसेंबर 2023 मध्ये दुबईत आयपीएलच्या लिलावात पंजाबनं शशांक सिंगला 20 लाखाला घेतलं आणि नंतर हाच हवा होता का यावरून टेबलावर गोंधळ उडाला. लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर यांनी हातोडा पडल्याचं सांगून विषय मिटवला. संघानं पुढे तो आपल्या यादीतलाच असल्याचा खुलासा केला. आणि त्याच मोसमात त्यानं गुजरातविरुद्ध नाबाद 61 काढून सामना फिरवला.

दुसरा बिघाड क्रमाचा. बाजार समितीच्या यार्डात उभं राहून पाहा. सकाळी पहिल्या ढिगांशी व्यापारी दाणा दाताखाली फोडून पाहतो, ओल पाहतो, बोली चढते. दुपारी तसाच ढीग, तशीच तूर, पण अर्ध्यांची खरेदी झालेली असते. वाइनच्या लिलावातही एकाच मालाच्या मागून येणाऱ्या पेट्या कमी भावात जातात, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. खेळाडूंचं तेच. आडनावाच्या क्रमानं नावं काढली तर वानखडे आणि वाघमारे दरवर्षी स्वस्तात जातात. आधी सगळे बॅट्समन आणि मग सगळे बॉलर काढले तर बॉलरचा भाव पडतो. उपाय असा की गट पाडायचे, प्रत्येक गटात बॅट्समन, बॉलर, ऑलराउंडर, कीपर मिसळलेले ठेवायचे, गटांची यादी दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर टाकायची, आणि गटातला क्रम मात्र तिथंच चिठ्ठी काढून ठरवायचा. यादी माहीत असली की मालक हिशेब करून येतो. क्रम माहीत नसला की ‘आधी याला महाग करू, मग तो आपल्याला स्वस्तात’ हा डाव जमत नाही.

तिसरा बिघाड संगनमताचा, आणि त्याला जालीम औषध नाही. दोन मालक एकमेकांचे साडू असतात. “तू लेफ्टी घे, मी फास्टवाला घेतो, काऊन चढवता बे फुकट?” एवढं चहाच्या टपरीवर बोलून झालेलं असतं. यार्डात चार व्यापारी एका ढिगाशी गप्प उभे राहतात तेव्हा शेतकऱ्याला जे समजतं, तेच सभामंडपात माईकवाल्याला समजतं. उघड बोलीत ही युती टिकते, कारण करार मोडला की तोंडावर दिसतो. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करायची चाल आहे. तिसऱ्याला आकडा कळत नाही. तसंच काहीतरी पहिल्या आठ-दहा मोठ्या नावांसाठी करावं असं मला वाटतं: बंद चिठ्ठी.

बंद चिठ्ठीचे दोन प्रकार, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात जो जास्त लिहितो तो लिहिलेलंच मोजतो. जपानी बेसबॉल क्लब आपला खेळाडू अमेरिकेला देताना 1998 पासून 2013 पर्यंत असंच करत. डायसुके मात्सुझाकाशी बोलणी करायचा हक्क 2006 मध्ये बॉस्टननं 5.11 कोटी डॉलर लिहून मिळवला. दुसऱ्यानं किती लिहिलंय ते माहीत नसताना लिहायचं, म्हणजे प्रत्येक जण अंधारात दगड मारतो. वरून ते पैसे खेळाडूला नाही, त्याच्या जुन्या क्लबला. पुढे त्या रकमेवर 2 कोटी डॉलरची हद्द घातली गेली. दुसऱ्या प्रकारात सगळ्यात मोठी चिठ्ठी जिंकते, पण मोजायचं दुसऱ्या चिठ्ठीइतकं. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं 1961 मध्ये हे सविस्तर मांडलं, 1996 मध्ये त्याला नोबेल मिळालं. गावात समजावताना असं सांगावं: तीन चिठ्ठ्या निघाल्या, 310, 265, 240. पहिला जिंकला, मोजणार 265. त्यानं चलाखी करून 260 लिहिलं असतं तर खेळाडू हातचा गेला असता, तोही 310 च्या लायकीचा असून. जोशात 350 लिहिलं असतं आणि दुसऱ्यानं 330 लिहिलं असतं तर 310 च्या मालाला 330 बसले असते. म्हणून मनात आहे तेच लिहिणं सगळ्यात शहाणपणाचं.

लोकांना हे पहिल्या वर्षी पटत नाही. “तीनशे दहा लिहिले तं तीनशे दहाच घ्या ना!” आणि यात एक खरी भीतीही आहे. आयोजकानं दुसरी चिठ्ठी खोटी घुसवली तर जिंकणारा उगाच महागात पडतो. म्हणून आठही चिठ्ठ्या एकदम गोळा करायच्या, एका स्टीलच्या डब्यात, आणि आठही मोठ्यानं वाचायच्या. कोरी असली तरी वाचायची. एका वेळी एकच नाव. दोन मोठ्या चिठ्ठ्या सारख्या निघाल्या तर त्या दोघांनीच पुन्हा लिहायचं. आयपीएलनंही बंद चिठ्ठी वापरलेली आहे: 2010 मध्ये साडेसात लाख डॉलरची हद्द होती, पोलार्डवर चार संघ हद्दीला टेकले आणि गुप्त बोलीतून मुंबईनं त्याला नेलं. हद्दीवरची रक्कम पोलार्डला नाही, बीसीसीआयला गेली.

या शेवटच्या वाक्यात आणखी एक भांडण दडलेलं आहे. खेळाडूचा भाव आणि खेळाडूचा पगार एकच असावा का? अमरावतीकडे पोट्टे जितेश शर्माचं नाव छाती फुगवून घेतात, 2022 मध्ये 20 लाखाला पंजाबकडे गेलेला अमरावतीचा कीपर नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाहला 11 कोटींना बंगळुरूकडे गेला. ते 11 कोटी त्याचे आहेत म्हणूनच त्या आकड्याला मोल आहे. पॉईंटाच्या हर्रासात भाव फक्त वहीत राहतो आणि पगार ठरलेल्या तक्त्यातून मिळतो. मधली वाटही निघाली आहे. आयपीएलच्या छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला आता 18 कोटींच्या वर मिळत नाही. डिसेंबर 2025 मध्ये कॅमेरून ग्रीनवर कोलकात्यानं 25.20 कोटी लावले, वरचा पैसा बोर्डाकडे खेळाडूंच्या कल्याणासाठी. एनएफएलनं उलट्या बाजूनं हात घातला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार 6 वर्षांचा, 7.8 कोटी डॉलरचा. पुढच्या वर्षी नव्या खेळाडूंच्या पगाराचा तक्ता आला आणि पहिल्या नंबरच्याच कॅम न्यूटनला 4 वर्षांचे 2.2 कोटी. खेळाडू तसाच, मैदान तेच. वाचलेला पैसा नव्या पोरांकडे गेला नाही एवढं नक्की. म्हणून व्यावसायिक लीगनं पॉईंटांचा हर्रास केला तर पगाराचे निदान तीन-चार टप्पे भावाशी बांधावेत. नाहीतर पोराला सगळ्या जगापुढे तोलायचं आणि तोलाचा दाम द्यायचा नाही, असं होईल.

गावची टीम म्हटलं की ‘आपल्या वार्डाचा पोरगा आपल्याकडेच पाहिजे’ हा हट्ट येतोच. ऑस्ट्रेलियाच्या फुटबॉल लीगमध्ये बापाच्या क्लबाला पोरावर हक्क असतो, आणि 2015 पासून त्यांनी तो हक्क मोजून दिला. ड्राफ्टच्या प्रत्येक नंबराला पॉईंट, पहिल्याला 3000. दुसरा क्लब त्या पोरासाठी नंबर लावतो, बापाच्या क्लबानं तेवढ्याच पॉईंटांचे आपले नंबर द्यायचे, सुरुवातीला 20 टक्के सूट धरून. गंमत म्हणजे एनएफएलच्या डॅलस काउबॉयजनं 1990 च्या सुमारास नंबरांच्या अदलाबदलीसाठी जो तक्ता केला होता, त्यातही पहिल्या नंबराला 3000 च होते. म्हणजे ड्राफ्टवाले मनातल्या मनात बोलीच लावत असतात. गावात सूट 10 टक्क्यांच्या वर देऊ नये. दुसऱ्याच्या बोलीशी जुळवायचा हक्क फुकट मिळाला की बाकीचे बोलीच लावत नाहीत, ‘चढवून काय फायदा, शेवटी तोच नेईन’ म्हणून. आयपीएलनं 2025 च्या मोसमाआधीच्या लिलावात यावर तोड काढली. लखनऊची ऋषभ पंतवर बोली 20.75 कोटी होती, त्याच्या जुन्या संघानं, दिल्लीनं, जुळवणीचं कार्ड काढलं, नियमानं लखनऊला शेवटची एक उडी मिळाली आणि त्यांनी थेट 27 कोटी म्हटलं. दिल्ली थांबली. ती उडी अंधारातली होती, सव्वासहा कोटींची.

उरलेल्या पॉईंटांचं काय, हा प्रश्न लहान दिसतो आणि मोठा निघतो. शून्य करून टाकले तर रात्री साडेदहाला साध्या खेळाडूवर 150 ची बोली लागते, कारण उरवून काय लोणचं घालायचं? सगळे पुढच्या वर्षी नेऊ दिले तर मालक एक वर्ष झोपून राहतो आणि पुढच्या वर्षी सगळं यार्ड उचलतो. निम्मे न्यावेत, आणि 100 च्या वर नाही.

आता शेवटचा तास. माईकवाल्याचा घसा बसलेला, सतरंजीवर लहान पोरं झोपलेली. संघांच्या मिळून 16 जागा बाकी आहेत आणि यादीत 30 नावं, ज्यांना एकदा पुकारून कोणी हात वर केला नाही. इथं बोली निरर्थक असते. वीसच्या खाली भाव जात नाही, वीसच्या वर कोणी जात नाही, आणि ‘अनसोल्ड’ हा शब्द त्याच्याच गावात, त्याच्याच बापासमोर माईकवरून दुसऱ्यांदा ऐकायचा असतो. या टप्प्यावर लिलाव थांबवावा आणि पाळी लावावी. ज्याच्याकडे पॉईंट जास्त उरलेत त्यानं आधी नाव घ्यायचं, मग त्याच्या खालच्यानं, दुसऱ्या फेरीत उलट क्रमानं. माईक बंद. मालकानं यादीवर बोट ठेवायचं, वहीवाल्यानं नाव लिहायचं, आणि पॉईंटाच्या रकान्यात आडवी रेघ.